आयडी कार्ड परत देण्याआधी उरकायची कामं

राजीनामा तोंडी नको, मेलवरच द्या आणि सीसीत स्वतःचा खासगी मेल टाका. शेवटच्या दिवसाची तारीख एचआरकडून लेखी आली पाहिजे. कंपनीचं पोर्टल बंद झालं की पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), नेमणुकीचं आणि पगारवाढीचं पत्र यांसाठी हेलपाटे सुरू होतात. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतली नोकरी सोडून गावी लातूर-नांदेडला गेलेल्या माणसाला ते फार महागात पडतं. म्हणून नोटीस काळाच्या पहिल्याच आठवड्यात सगळं उतरवून घ्या.

सगळ्यात जास्त अडकतो तो पीएफ (भविष्य निर्वाह निधी), आणि तोही साध्या गोष्टींवरून. आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, पीएफला मात्र फक्त नाव-आडनाव. लग्नानंतर बदललेलं नाव. आपल्याकडे तर जन्मतारखेचा घोळ ठरलेलाच: शाळेत गुरुजींनी १ जून घातलेली, आधारवर वेगळीच. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) जुना असेल तर अशा दुरुस्तीला बहुतेकदा कंपनीची मंजुरी लागते. नोकरीत आहात तोवर ती एका टेबलावर होते, नंतर फोन उचलणारं कुणी नसतं.

मोबाइल नंबरही तपासा. आधार, यूएएन किंवा बँकेला कंपनीने दिलेलं सिम जोडलेलं असेल तर ते परत करताच सगळे ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. आधारचा नंबर बदलायचं काम आधी करा.

पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरायची असते. तिने नाही भरली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर २ महिन्यांनी आधार ओटीपीने तुम्हाला स्वतः भरता येते. पुढे दुसरी नोकरी धरणार असाल तर पैसे काढू नका, ट्रान्सफर करा. एकूण सेवा ५ वर्षांहून कमी असताना ५०,००० किंवा जास्त रक्कम काढली तर टीडीएस (कर) आधीच कापला जातो. पीएफबरोबरच्या पेन्शनचा हिशोब वेगळा: सेवा १० वर्षांहून कमी असेल आणि पुन्हा नोकरीचा विचार असेल तर स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी झालेल्या सेवेचा दाखला) घ्या, म्हणजे मागची वर्षं पुढे धरली जातात.

आणि कळकळीची एक विनंती. पीएफचा पैसा काढलाच तर तो हातात पडताच बोअर घ्यायला काढू नका. पाणी लागलं नाही तर तो परत येत नाही. आधी ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा.

कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा (सेवेबद्दल कंपनी देते त्या एकरकमी रकमेचा) अर्ज लेखी द्या. हिशोब दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून होतो. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० आणि सेवा ७ वर्षं असेल तर: २६,००० × १५ × ७ ÷ २६ = १,०५,००० रुपये. शेवटच्या वर्षाचे ६ महिन्यांहून जास्त दिवस भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशोबाच्या) कागदावर सही करण्याआधी हा आकडा, उरलेल्या रजांचे पैसे आणि नोटीसची कपात स्वतः मोजून पाहा.

कंपनीचा आरोग्य विमा साधारण नोकरीबरोबरच संपतो. घरात म्हातारे आई-वडील असतील तर त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारा. पगार थांबल्यावर सॅलरी खातंही साधं बचत खातं होतं, त्यात किमान शिल्लक किती लागते ते बँकेत विचारून ठेवा.