फायटरची जोडी आणण्याआधी

फायटर (बेट्टा) माशाची पिल्लं घरी काढायचं मनात आलं की पहिली धाव जोडी आणायला असते. माझ्या यादीत जोडी सगळ्यात शेवटी येते. अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत पिल्लं पोटाखालचा बलक संपवून आडवी पोहू लागतात आणि तेव्हापासून त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं बारीक, जिवंत खाणं लागतं. ते त्या दिवशी शोधायला निघालात तर उशीर झाला. हिशेब तिथून उलटा मांडायचा.

त्याहीआधी घरातल्यांशी बोलून घ्या. एका खेपेत शे-दोनशे पिल्लं सहज निघतात. ती दोन-तीन महिन्यांची झाली की त्यातले नर एकमेकांची शेपटी फाडायला लागतात आणि प्रत्येकाला वेगळी बरणी द्यावी लागते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बरण्या कुठे मांडायच्या, दर दोन-तीन दिवसांनी सगळ्यांचं पाणी कोण बदलणार आणि वाढलेले मासे कोण नेणार, हे आत्ताच ठरवा. दुकानदार रंगदार, लांब पंखांचे नर घेतो. माद्यांना फारसं कुणी विचारत नाही. उरलेली पिल्लं पुण्याच्या मुठा नदीत किंवा पाषाण-कात्रजच्या तलावात सोडायचा विचार यादीतून आधीच खोडून टाका. परका मासा आणि त्याच्याबरोबर टाकीतला रोग तिथे कशाला पाठवायचा?

पाणी. पालिकेचं धरणाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं आणि फायटरला ते मानवतं. उपनगरात बोअर किंवा टँकरवर असाल तर किटलीच्या तळाचा पांढरा थर बघा. थर जाड असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जायला बादली दिवसभर उघडी ठेवा, नाहीतर दुकानात अँटिक्लोरीन मिळतंच. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने' ही सूचना पुणेकराला पाठ असते. त्यानंतर येणारं पहिलं पाणी कधीकधी गढूळ असतं, म्हणून एक पिंप मुरवलेलं पाणी कायम भरलेलं हवं. पिंपावर झाकण किंवा घट्ट कापड बांधा. पावसाळ्यात डासांची पैदास तपासायला पालिकेची माणसं आली तर छंद सांगून नोटीस टळत नाही.

खाणं पंधरा दिवस आधी सुरू करावं. शिजवून गार केलेल्या ओट्सच्या पातळ थरावर चिमूटभर यीस्ट आणि कुणाकडून तरी आणलेलं मायक्रोवर्मचं, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कृमींचं विरजण. आठवड्याभरात डब्याच्या भिंतींवर कृमी चढतात, ते बोटाने पुसून घ्यायचे. एक डबा कधीही आंबून फसतो, म्हणून दोन लावा. दुसरीकडे जुन्या टाकीच्या पाण्यात कोबीचं पान टाकून बरणी उजेडात ठेवली की चार-पाच दिवसांत इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव तयार होतात. वास येणार, बरणी स्वयंपाकघरात नको. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) अंडी एकदा रंगीत तालीम म्हणून फोडून बघाच: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, २८ अंश तापमान, हवेची नळी आणि साधारण २४ तास. मग हवा बंद करून एका बाजूने टॉर्च धरा. आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात. टरफलं फायटरच्या पिल्लांच्या पोटात जाऊ द्यायची नाहीत.

टाकीचं फारसं काही नाही. वीसेक लिटरची, तळ उघडा, वाळू-खडे नकोत, कारण नर खाली पडलेली अंडी वेचून घरट्यात नेतो. पाणी १२ ते १५ सेंटिमीटर. एवढ्या उथळ पाण्यात हीटर उभा ठेवला तर काच तडकते, तो आडवा आणि पूर्ण बुडालेला हवा. मादीला लपायला जावा मॉस या पाणशेवाळाचा गुंता द्या. देशी बदामाचं गळलेलं, वाळकं पान धुऊन तरंगत ठेवलं की नर त्याखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं तर झालं. वरून काच हवीच. पिल्लं पुढे वरची हवा घ्यायला लागतात आणि ती गार लागली तर मरतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा तिन्ही बाजूंना थर्माकोल लावा. पहिली खेप पावसाळ्यातच बरी. मात्र घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर गणपतीचे दिवस टाळा. ढोलांच्या हादऱ्याने बिथरलेला नर स्वतःची अंडी खातो.

आता जोडी. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतची, शक्यतो ओळखीच्या पाळणाऱ्याकडून, कारण दुकानातल्या नराचं वय सांगता येत नाही. दोघांना दोन आठवडे वेगळं ठेवून जिवंत खाणं द्या. मादीचं पोट फुगलं, खालचा पांढरा ठिपका दिसू लागला की तिला तळ कापलेल्या बाटलीत घालून टाकीत उभी करा. नराने घरटं बांधलं आणि तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले की बाटली उचला. थोडी मारामारी होणारच. पण मादीचे पंख फाटायला लागले तर तिला काढा. अंडी घालून झाली की तिला लगेच बाहेर घ्या. नर पिल्लं आडवी पोहेपर्यंत राहतो. त्या दोघांच्या बरण्या टाकीच्याच तापमानाचं पाणी भरून आधीपासून बाजूला तयार असू द्या.