रायबोसोमची प्रथिनं: जोड्या लावताना या चुका टाळा

व्यंकटरामन रामकृष्णन बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि २००९ साली रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेवरील कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्याच बडोद्यातल्या आपल्या मराठी मुलांनी रायबोसोमवरच्या प्रश्नात गुण घालवलेले पाहून जीव चुटपुटतो. चुका बहुतेक त्याच त्या असतात.

सगळ्यात महागात पडते ती ही: ‘रायबोसोमची प्रथिनं अमिनो आम्लं जोडतात.’ पेप्टाइड बंध, म्हणजे अमिनो आम्लांमधला जोड, जुळवतो रायबोसोममधलाच आरएनए, जीवाणूंत २३एस नावाचा. २००० साली थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने रायबोसोमच्या दोन घटकांपैकी मोठ्याची रचना उलगडली, तेव्हा बंध जुळतो त्या जागेपासून सुमारे १८ अँगस्ट्रॉमच्या (१.८ नॅनोमीटर) आत एकही प्रथिन सापडलं नाही. प्रथिनं आरएनएची घडी बसवतात, ती सैल पडू देत नाहीत आणि मदतनीस घटकांना बोलावून आणतात.

हे काम बऱ्याचदा जोडीनं चालतं. प्रथिनांच्या नावात ‘एस’ म्हणजे छोट्या घटकातलं, ‘एल’ म्हणजे मोठ्या. एस६ आणि एस१८ आधी एकमेकांना धरतात, मग दोघं मिळून छोट्या घटकातल्या १६एस आरएनएवर बसतात. एस१५ने तिथली घडी त्याआधीच बसवलेली असते. जुळणीच्या आकृतीत एस१८ला एकट्याने बसवलंत, तर पुढचे बाण जुळत नाहीत.

मोजणीतही गफलत होते. ई. कोलाय या जीवाणूच्या मोठ्या घटकात क्रमांक एल३६पर्यंत जातात, पण प्रथिनं ३३च. एल७ म्हणजे अ‍ॅसिटिल गट लागलेलं एल१२, एल८ हा एल१० आणि एल७/एल१२ यांचा एकत्र गठ्ठा निघाला, आणि एल२६ म्हणजे छोट्या घटकातलं एस२०.

एल७/एल१२ नीट समजून घ्याच, फार सुंदर रचना आहे. बाकीची प्रथिनं एकेक प्रत, हे मात्र ई. कोलायमध्ये चार प्रतींत, दोन जोड्यांनी एल१०च्या शेपटीला लटकतं. त्याची मोकळी टोकं हलत राहून ईएफ-टीयू आणि ईएफ-जी या मदतनीस घटकांना खेचून आणतात.

संगणकावर रचना उघडली आणि हे प्रथिन दिसलंच नाही, तर फाइल बिघडली असं लगेच समजू नका. हलत्या भागाची प्रतिमा स्पष्ट येत नाही, म्हणून बऱ्याच रचनांत तो गाळलेला असतो. नव्या नामकरणात ते बीएल१२ आहे, त्या नावानेही शोधा. आणि जीवाणू कोणता ते आधी पाहा: थर्मस थर्मोफिलसमध्ये जोड्या दोन नव्हे, तीन असतात.