गोच्या पटावर पाणी सोडताना

धुळ्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी गो खेळाची जमीन मोजायचा प्रोग्राम घेतला. कारण साधं, बुद्धिबळ आधीच चौघांनी घेतलं होतं. 19 बाय 19 रेघांचा पट, 361 छेद, त्यांवर काळे-पांढरे खडे. डाव संपला की कुणी किती रिकामे छेद घेरले ते मोजायचं. दोन दिवसांचं काम वाटलं. दीड महिना गेला.

मूळ रीत मला घरूनच माहीत होती म्हणा ना. आमचं गाव पांझरेकाठचं, फडाचं, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घेणाऱ्या शेतीचं. बारेकरी (पाणी देणारा माणूस) वाफ्यात पाणी सोडतो, ते बांधाला टेकेपर्यंत पसरतं. प्रोग्रामात तेच: रिकामा छेद घ्या, चारी बाजूंना रिकामं दिसेल तिथे सरका, खडा लागला की रंग टिपा. सगळे बांध काळे निघाले तर जमीन काळ्याची. दोन्ही रंग लागले तर कुणाचीच नाही. याला फ्लड फिल म्हणतात. भिजलेल्या छेदावर खूण करायला विसरलात तर पाणी मागे-पुढे करत बसतं आणि पायथन (प्रोग्रामची भाषा) रिकर्शनचा, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहिल्याचा, एरर फेकतो. ही चूक लगेच सापडते.

माझी सापडली नाही. 5 बाय 5 चा पट, तिसरा उभा रकाना पूर्ण काळा, चौथा पूर्ण पांढरा. डावीकडचे 10 छेद काळ्याचे, उजवीकडचे 5 पांढऱ्याचे. प्रोग्राम म्हणे, पंधराही कुणाचेच नाहीत! बेरीज तर बरोबर 25 येत होती, म्हणून मी चार दिवस भलतीकडेच शोधत राहिलो. शेवटी वहीत पट काढून पेन्सिलीने एकेक पाऊल टाकलं. रकाने शून्यापासून मोजतात; रकान्याचा आकडा 5 च्या आत आहे का ते तपासलं होतं, शून्याखाली जातो का ते नव्हतं. पायथनमध्ये उणे एक म्हणजे यादीतला शेवटचा. डाव्या कडेचं पाणी थेट उजव्या कडेला निघत होतं. म्हणून छोटा पट आणि वही, आधी हेच.

खरी डोकेदुखी मेलेल्या खड्यांची, म्हणजे जे वाचू शकत नाहीत पण पटावर उरलेत त्यांची. काळ्याच्या घेऱ्यात एक मेलेला पांढरा खडा राहिला की दोन्ही रंग लागतात आणि अख्खी जमीन कुणाचीच नाही असं दिसतं. नवख्याने मेलेले खडे खेळणाऱ्यांनाच क्लिक करून उचलायला लावावेत, त्यात कमीपणा नाही. मी हौसेने पुढे गेलो: डाव पुढे शेकडो वेळा कसाही खेळवायचा (स्वतःचा डोळा, म्हणजे आपल्या खड्यांनी घेरलेला आणि त्यांना जिवंत ठेवणारा रिकामा छेद, मात्र बुजवायचा नाही) आणि प्रत्येक छेद बहुतेक वेळा कुणाकडे जातो ते बघायचं.

तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, ‘‘नियम जपानी की चिनी?’’ मी चिनी घेतले होते: खडे अधिक जमीन, काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला वर 7.5 गुण. जपानीत पकडलेल्या खड्यांचाही हिशोब ठेवावा लागतो, सुरुवातीला ती कटकट नको. पुढचा प्रश्न सेकीचा. जो आधी हात घालेल तो मरेल, असा तो पेच. माझा प्रोग्राम बेधडक हात घालायचा. अजूनही घालतो.