नोकरी सांभाळून लीडरशिपमध्ये डॉक्टरेट करायचीय? मग फॉर्म भरायच्या आधी हे बघा

दहा-पंधरा वर्षं टीम सांभाळल्यावर बऱ्याच जणांना वाटायला लागतं की माणसं एकत्र काम कशी करतात, बॉस बदलला की तीच टीम वेगळी का वागते, ह्याचा नीट अभ्यास करावा. इच्छा अगदी रास्त आहे आणि ऑर्गनायझेशनल लीडरशिप हा विषय नोकरी करणाऱ्यांसाठी खरंच चांगला आहे, कारण तुमचं रोजचं ऑफिस हीच तुमची प्रयोगशाळा असते. अडचण अशी की हे मनात आलं आणि फोनवर एकदा सर्च केलं की लगेच जाहिराती सुरू होतात, घरबसल्या डॉक्टरेट, एंट्रन्स नाही, तीन वर्षांत नावापुढे डॉ., आणि मग एक गोड बोलणारा काउन्सेलर रोज फोन करायला लागतो.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ह्यात लोकांचे लाखो रुपये अडकतात. भारतात ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या २०२० च्या नियमांनुसार पीएचडी ऑनलाइन किंवा डिस्टन्स पद्धतीने देताच येत नाही, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) ह्या दोघांनी मिळून जाहीर सूचना काढली होती की एडटेक कंपन्या, म्हणजे ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपन्या, परदेशी विद्यापीठांशी टायअप करून ज्या ऑनलाइन पीएचडी विकतायत त्या मान्य नाहीत. ह्याच कंपन्या हल्ली डीबीए, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, नावाचा कोर्स देतात. ती पदवी देणारं विद्यापीठ त्याच्या देशात खरंच मान्यताप्राप्त असेल आणि तुम्हाला फक्त शिकायचं असेल, कन्सल्टिंगमध्ये वापरायचं असेल, तर तो तुमचा निर्णय. पण त्या जोरावर इथल्या कॉलेजात असोसिएट प्रोफेसर होता येईल असं कोणी सांगत असेल तर त्याला ते ईमेलवर लिहून द्यायला सांगा, तिथेच विषय संपेल. आणि हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळासकट जी मानद डॉक्टरेट मिळते तिचा तर शिक्षणाशी काहीच संबंध नाही.

आता पदवी नक्की कशासाठी हवीय हे एका कागदावर लिहा, खरंच लिहा, कारण पुढचा सगळा रस्ता ह्यावरून ठरतो.

भारतात शिकवायचं असेल, सरकारी किंवा विद्यापीठाच्या नोकरीत पीएचडी मोजली जायला हवी असेल, तर तुमच्यासाठी पार्ट-टाइम पीएचडी आहे. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांत ती सरळ मान्य केलेली आहे. मास्टर्सला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा विद्यापीठाची एंट्रन्स, जिला आपल्याकडे सगळे पेट म्हणतात, आणि मग इंटरव्ह्यू. नोकरी करणाऱ्याला मालकाकडून एनओसी लागते आणि तिच्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: पार्ट-टाइम करायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू. बरेच जण इथेच अडकतात, एचआर दोन ओळींचं ना हरकत पत्र देतं, त्यात तिसरं वाक्य नसतं, आणि विद्यापीठ फाइल परत पाठवतं. तेव्हा मजकूर तुम्हीच तयार करून घेऊन जा.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी आणि पब्लिकेशन एथिक्स असतं, आणि त्यात ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे वर्ग शनिवार-रविवारी घेतात की सलग दोन-तीन आठवडे बोलावतात हे प्रत्येक रिसर्च सेंटरचं वेगळं असतं, आधी फोन करून विचारा. एकूण मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, वर रीरजिस्ट्रेशन करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून २ वर्षं मिळतात, आणि मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह म्हणून २४० दिवसांपर्यंत सुट्टी घेता येते. घरात लहान मूल आहे म्हणून विचार सोडून देणाऱ्या मैत्रिणींना हा नियम कोणीच सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसरा रस्ता म्हणजे मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या एक्झिक्युटिव्ह डॉक्टरेट. आयआयएम इंदूर, लखनौ, कोझिकोड, शिवाय आयएसबी, ह्यांचे असे प्रोग्रॅम नोकरदारांसाठीच आहेत. फी भरपूर, निवड कडक, आणि अधूनमधून कॅम्पसवर जावं लागतं, पण शिकवणारे लोक उत्तम. फक्त शेवटी हातात पीएचडी पडणार की फेलोची पदवी हे प्रत्येक ठिकाणी नीट वाचा.

आणि तुम्ही अमेरिकेत नोकरी करत असाल तर चित्र पूर्ण वेगळं आहे. तिथे ऑर्गनायझेशनल लीडरशिपमध्ये ऑनलाइन ईडीडी (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) आणि पीएचडी हे नेहमीचे प्रोग्रॅम आहेत, कॅलिफोर्नियात पेपरडाइन, व्हर्जिनियात रीजंट, टेक्ससमध्ये ॲबिलीन ख्रिश्चन, अशी बरीच नावं आहेत. ईडीडी म्हणजे कामातला एखादा खरा प्रश्न घेऊन त्यावर संशोधन, पीएचडीत थिअरीवर जास्त भर. विद्यापीठाचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे दर्जाची मान्यता, एचएलसी, एसएसीएससीओसी, डब्ल्यूएससीयूसी अशा मान्यता देणाऱ्या ओळखीच्या संस्थेचं आहे का ते अमेरिकन शिक्षण खात्याच्या डेटाबेसमध्ये शोधा, विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर विसंबू नका. कंपनी ट्यूशनचे पैसे देत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर टॅक्स लागत नाही, त्यामुळे दर सेमिस्टरला थोडे थोडे क्रेडिट घेणं बऱ्याच जणांना परवडतं. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर स्टुडंट व्हिसा मात्र मिळत नाही. आणि पुढे भारतात परतायचा विचार असेल तर ह्या पदवीला इथे इक्विव्हॅलन्स, म्हणजे इथल्या पदवीच्या बरोबरीची मान्यता, मिळेल का हे पहिली फी भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

फीबद्दल एकच सांगतो, क्रेडिटचा दर गुणिले क्रेडिट एवढाच हिशोब करू नका. डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, वेळेत झालं नाही तर बहुतेक ठिकाणी दर टर्मला कंटिन्युएशनचे पैसे भरत राहावं लागतं. काउन्सेलरला सरळ विचारा, तुमच्याकडे पूर्ण करणाऱ्यांना प्रत्यक्षात किती वर्षं लागतात आणि दर वाढीव टर्मला किती द्यावे लागतात. जो आकडा येईल तो धरून बजेट करा.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. कोर्सवर्कमध्ये सहसा कोणी बुडत नाही. डेडलाइन असते, वर्गमित्र असतात, नोकरी करणारा माणूस डेडलाइनला सरावलेला असतो. लोक बुडतात ते कोर्सवर्क संपल्यावर, जेव्हा कोणी विचारणारं नसतं आणि विषय अजून धूसर असतो. अमेरिकेत अशा लोकांसाठी एबीडी असा शब्दच आहे, म्हणजे डिझर्टेशन सोडून बाकी सगळं झालेले. म्हणून माझं ठाम मत आहे की विषय, डेटा आणि गाइड ह्या तीन गोष्टींची निदान कच्ची सोय ॲडमिशनच्या आधी झालेली हवी.

विषय कसा निवडायचा ते एका उदाहरणाने बघू. "नेतृत्वशैलीचा कर्मचाऱ्यांच्या एंगेजमेंटवर होणारा परिणाम" (एंगेजमेंट म्हणजे कामात मन असणं) हा विषय नाही, ते नुसतं शीर्षक आहे, शोधगंगा ह्या भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन बघा अशा शीर्षकांचे किती प्रबंध पडलेत. त्याऐवजी असं बघा: चाकणच्या मध्यम आकाराच्या ऑटो पार्ट्स कंपन्यांमध्ये मशीनवरचा ऑपरेटर जेव्हा शिफ्ट सुपरवायझर होतो, तेव्हा पहिल्या वर्षात कालपर्यंत आपल्याबरोबर डबा खाणाऱ्यांना तो काम कसं सांगायला शिकतो. इथे माणसं कोण, जागा कुठली, काळ किती, सगळं ठरलेलं आहे. आणि हा प्रश्न तुम्ही रोज डोळ्यांनी बघताय, त्यामुळे तीन वर्षांनीही त्याचा कंटाळा येणार नाही.

अशा विषयाचा डेटा त्या सुपरवायझरांच्या मुलाखतींतून येतो. तिथे "तुमची लीडरशिप स्टाइल काय आहे" असं विचारलंत तर समोरचा "सगळ्यांना बरोबर घेऊन चालतो" म्हणेल आणि तुमच्या हातात काहीच लागणार नाही. "मागच्या महिन्यात कोणाची रजा नाकारावी लागली का, काय झालं ते पहिल्यापासून सांगा" असं विचारा, माणूस दहा मिनिटं बोलतो, त्यात राग येतो, गावची ओळख येते, युनियन येते, आणि तुमचा डेटा तिथे असतो. मुलाखत मराठीत झाली तर टायपिंगही मराठीतच करा, कोडिंग, म्हणजे वाक्यांना विषयवार खुणा लावणं, मूळ मराठीवर करा आणि प्रबंधात लागतील तेवढीच वाक्यं इंग्रजीत आणा, नाहीतर भाषांतरात अर्धा अर्थ गळून जातो. एका तासाचं रेकॉर्डिंग नीट उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात, वीस मुलाखती ठरवताना हा हिशोब आधी करा.

सर्व्हे करणार असाल तर प्रश्नावली स्वतः बनवत बसू नका, तपासलेली घ्या, पण ती कोणाची आहे ते बघून. ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप मोजायला लोक ज्यावर उड्या मारतात ती ४५ प्रश्नांची एमएलक्यू फुकट नाही, लायसन्स विकत घ्यावं लागतं. एंगेजमेंटची यूट्रेक्ट स्केल शैक्षणिक कामासाठी मोफत वापरता येते. किती जणांचे फॉर्म लागतील हे जी-पॉवर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काढता येतं, दोन गोष्टींमधला साधा मध्यम संबंध (कोरिलेशन) तपासायला सुमारे ८५ पूर्ण भरलेले फॉर्म लागतात, आणि ८५ पूर्ण हवे असतील तर पाठवावे बरेच जास्त लागतात हे ज्याने कधी ऑफिसात सर्व्हे केलाय त्याला माहीतच आहे.

कंपनीची परवानगी तोंडी घेऊ नका. लेटरहेडवर, सही करायचा अधिकार असलेल्या माणसाची सही, त्यात कोणाशी बोलणार, कंपनीचं नाव लपवणार का, निष्कर्ष छापता येतील का, आणि तुम्ही मध्येच नोकरी सोडली तर डेटा वापरता येईल का, हे सगळं लिहिलेलं असू दे. तो शेवटचा मुद्दा सगळे विसरतात, आणि चार-पाच वर्षांत नोकरी बदलणं काही नवल नाही. अजून एक, स्वतःला रिपोर्ट करणाऱ्यांच्या मुलाखती घेऊ नका. ज्याचं अप्रेझल तुमच्या हातात आहे तो तुम्हाला खरं कसं सांगेल? अमेरिकेत आयआरबी, इथे एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समित्या, दोघंही हे पहिल्यांदा विचारतात. दुसरा प्लांट, दुसरी कंपनी शोधा.

गाइडचं म्हणाल तर नावापेक्षा जागा आणि वेळ बघा. यूजीसीच्या नियमाने प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ विद्यार्थी असू शकतात, आणि रिटायर व्हायला ३ वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. त्यांच्या हाताखाली करत असलेल्या दोघांशी तरी बोला आणि एवढंच विचारा, चॅप्टर पाठवला की किती दिवसांत परत येतो.

वेळ कुठून काढायचा हे ज्याचं त्याने बघायचं, पण महिनाअखेर, ऑडिट, ॲन्युअल क्लोजिंगच्या दिवसांत लिहिणं होणार नाही हे धरूनच वर्षाचं कॅलेंडर करा. घरच्यांनाही आधी सांगा, रविवारी सकाळी तुम्ही नाही आहात हे त्यांना माहीत असू दे. वाचलेला प्रत्येक पेपर पहिल्या दिवसापासून झोटेरो ह्या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फुकट आहे. भारतात दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढे प्रेझेंटेशन द्यावं लागतं, त्याला कटकट म्हणू नका, लिखाण पुढे सरकवायला ह्यासारखा दुसरा धक्का नाही.

प्रबंध जमा झाला की परीक्षकांकडे जातो, आणि व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षेसकट सगळं सहा महिन्यांत व्हावं असं नियमात आहे, तेव्हा जमा केल्याची तारीख आणि पोचपावती जपून ठेवा आणि परीक्षा विभागात अधूनमधून विचारत राहा. नंतर तो प्रबंध शोधगंगेवर सगळ्या जगाला दिसतो. म्हणून शेवटची प्रत देण्याआधी परिशिष्टं एकदा चाळा, कंपनीचं नाव, लेटरहेडचा स्कॅन, एखाद्या सुपरवायझरचं आडनाव तिथेच चुकून राहून जातं.