जीवशास्त्रातील संशोधक विद्यार्थ्यांनी प्रवास-अनुदानासाठी अर्ज कसा करावा

जीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवासासाठी पैसे लागतात ते साधारणपणे तीन कारणांनी: परिषदेत काम मांडण्यासाठी, दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन एखादे तंत्र शिकण्यासाठी किंवा तिथली उपकरणे वापरण्यासाठी, आणि क्षेत्रकार्यासाठी किंवा संग्रहालयातील नमुने पाहण्यासाठी. आपले कारण यांपैकी कोणते हे अर्जाचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वीच निश्चित करावे, कारण अनुदान देणाऱ्या बहुतेक योजना यांपैकी एकाच कारणासाठी असतात आणि योजनेत न बसणारा अर्ज कितीही चांगला लिहिलेला असला तरी त्याच्या गुणवत्तेचा विचार होण्याआधीच बाजूला पडतो.

परदेशातील परिषदेसाठी भारतातील विद्यार्थ्याला प्रामुख्याने सरकारी योजनांचा आधार असतो. पूर्वी ‘सर्ब’ (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) या केंद्र सरकारच्या संस्थेकडे असलेली आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना, २०२३ च्या कायद्याने सर्ब अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाल्यानंतर, या नव्या संस्थेकडे आली. त्याखेरीज केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि वैद्यकीय अंगाने जाणाऱ्या विषयांसाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्याही योजना आहेत. या योजनांची मुख्य अपेक्षा अशी असते की अर्जदार स्वतः निबंध किंवा पोस्टर सादर करणार असावा. नुसते ऐकायला जाण्यासाठी पैसे मिळत नाहीत. वयोमर्यादा, दोन अनुदानांमधील सक्तीचे अंतर आणि अर्जाची मुदत हे नियम बदलत राहतात, तेव्हा ते वरच्या वर्गातील मित्राच्या आठवणीवर विसंबून न राहता योजनेच्या चालू परिपत्रकातूनच वाचावेत.

प्रयोगशाळा-भेटीसाठी मात्र परदेशी संस्थांकडे पाहावे लागते, आणि इथे आपले विद्यार्थी हकनाक मागे राहतात असे माझे मत आहे. ‘एम्बो’ ही युरोपातील रेणवीय जीवशास्त्राची संघटना; तिला निधी देणाऱ्या देशांच्या ‘ईएमबीसी’ या संस्थेचा भारत २०१६ मध्ये सहयोगी सदस्य झाल्याने एम्बोच्या सायंटिफिक एक्स्चेंज ग्रँटसाठी भारतातील विद्यार्थी पात्र ठरतो. तीन महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी हे अनुदान मिळते आणि त्यासाठी वर्षभर अर्ज करता येतो. ब्रिटनमधील ‘द कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स’ ही विश्वस्त संस्था आपल्या नियतकालिकांमार्फत ट्रॅव्हलिंग फेलोशिप देते, जिची कमाल रक्कम ३,००० पौंड आहे. पेशीविज्ञान, भ्रूणविकास, प्राण्यांचे शरीरक्रियाशास्त्र हे या नियतकालिकांचे विषय आहेत, त्यामुळे निव्वळ वर्गीकरणावर काम करणाऱ्याने तिथे वेळ घालवू नये. त्याच्यासाठी हार्वर्डच्या तौलनिक प्राणिशास्त्र संग्रहालयाची अर्न्स्ट मायर यांच्या नावाची प्रवास-अनुदाने, न्यूयॉर्कच्या अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालयाची संग्रह-अभ्यास अनुदाने आणि लंडनच्या लिनियन सोसायटी व सिस्टेमॅटिक्स असोसिएशन यांचा संयुक्त निधी हे मार्ग आहेत. रकमा लहान असतात, पण संग्रहालयात दोन आठवडे काम करायला पुष्कळदा तेवढ्या पुरतात.

अर्जाचा गाभा एका प्रश्नात असतो: तिथे जाण्यावाचून हे काम का होणार नाही? परीक्षकाला तुमचा विषय महत्त्वाचा आहे हे पटवणे तुलनेने सोपे असते. अवघड असते ते प्रवास अपरिहार्य आहे हे दाखवणे, आणि बहुतेक अर्ज नेमके इथेच ढिले पडतात. उदाहरण घेऊन पाहू. समजा, कोल्हापूरची एक विद्यार्थिनी सह्याद्रीतील खापरखवल्या सापांच्या वर्गीकरणावर काम करते आहे. या कुळातील अनेक जातींचे वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक रिचर्ड बेडोम यांनी एकोणिसाव्या शतकात केले आणि त्यांचे बरेचसे मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून जातीचे पहिले वर्णन झाले ते नमुने, आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. तिने अर्जात ‘माझ्या संशोधनासाठी लंडन येथील नमुन्यांचा अभ्यास अत्यंत उपयुक्त ठरेल’ असे लिहिले, तर ते वाक्य खरे असूनही निरुपयोगी आहे, कारण ते कोणत्याही सापाबद्दल आणि कोणत्याही शहराबद्दल लिहिता आले असते. याउलट कोणत्या दोन जातींच्या ओळखीत गोंधळ आहे, तो कोणत्या लक्षणांवरून सुटू शकतो, त्या जातींचे मूळ नमुने संग्रहालयात कोणत्या नोंदणी क्रमांकांखाली आहेत, प्रत्येक नमुन्यावर कोणती मापे घ्यायची आणि त्यासाठी किती दिवस लागतील, हे तिने लिहिले, तर परीक्षकाला विचारायला फारसे उरत नाही.

तरीही एक शंका त्याच्या मनात येणारच, ती म्हणजे छायाचित्रे मागवून हे काम भागणार नाही का. ही शंका अर्जातच उपस्थित करून अर्जातच मिटवावी. पोटाखालच्या खवल्यांची मोजणी, शेपटीच्या टोकावरील ढालीची ठेवण, दीडशे वर्षे अल्कोहोलमध्ये राहून रंग उडालेल्या नमुन्यावरचे अंधुक पट्टे या गोष्टी नमुना हातात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली फिरवल्याशिवाय खात्रीने पाहता येत नाहीत, असे दोन वाक्यांत सांगता येते. त्याचबरोबर भारतातले संग्रह आपण आधी पाहिले आहेत हेही नोंदवावे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुण्यातील आकुर्डीचे केंद्र हाकेच्या अंतरावर असताना तिथे न जाता थेट लंडनचे तिकीट मागणारा अर्ज परीक्षकाला, विशेषतः भारतीय परीक्षकाला, खटकतो आणि ते योग्यच आहे. परिषदेच्या अर्जालाही हाच न्याय लागू आहे: परिषद मोठी आहे एवढे पुरेसे नाही, तुमच्या विषयावरील कोणते सत्र तिथे आहे आणि त्यातून प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणाला मदत होणार हे लिहावे.

अंदाजपत्रक हा या लिखाणाचाच भाग आहे, परिशिष्ट नव्हे. विमानभाडे इकॉनॉमी वर्गाचे आणि सर्वांत जवळच्या मार्गाचे धरावे, ते कोणत्या तारखेला पाहिले हे लिहावे आणि परकीय चलनाचा जो दर वापरला तोही नमूद करावा. व्हिसाचा खर्च विसरला जातो. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, अल्पकालीन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी जून २०२४ पासून ९० युरो आहे, शिवाय किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-विमा सक्तीचा आहे आणि व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. ब्रिटन शेंगेनमध्ये येत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी वर्णिलेले नमुने पाहायला बर्लिनलाही जायचे असेल, तर दोन स्वतंत्र व्हिसे, दोन शुल्के आणि पासपोर्ट दोनदा हातातून जाण्याचा काळ हे सर्व हिशेबात धरावे लागेल. आकडा फुगवू नये, तसा भिडेखातर आखडूही नये, कारण परीक्षकांनी स्वतः असे प्रवास केलेले असतात आणि लंडनमध्ये अशक्य स्वस्त खोली दाखवणारे अंदाजपत्रक त्यांना अननुभवाचे लक्षण वाटते. दुसरीकडेही अर्ज केला असल्यास ते उघडपणे लिहावे आणि दोन्हीकडून पैसे मिळाल्यास कोणता खर्च कोणत्या निधीतून होईल हेही सांगावे.

जीवशास्त्राच्या अर्जात आणखी एक बाब असते जी इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना सहसा भेडसावत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती मिळायला महिने जाऊ शकतात. ऊतींचे नमुने किंवा डीएनए परदेशी न्यायचे असल्यास २००२ चा जैवविविधता कायदा आडवा येतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहावे लागतात. परवानगी हातात असल्यास तिची प्रत जोडावी, नसल्यास अर्ज कधी केला त्याची पोच जोडावी. सोबत काहीही नेणार नसाल, फक्त तिथले नमुने पाहणार असाल, तर तसे एका वाक्यात स्पष्ट लिहावे, म्हणजे परीक्षकाच्या मनात उगाच शंका राहत नाही.

यजमान प्रयोगशाळेचे पत्र दोन ओळींचे आणि ‘यावे, स्वागत आहे’ एवढ्यावर संपणारे नसावे. भेटीच्या तारखा, कोणते उपकरण किंवा संग्रह वापरायला मिळेल, देखरेख कोण करेल आणि प्रयोगशाळा शुल्क घेणार की नाही, हे चार मुद्दे त्यात असावेत, आणि ते यावेत म्हणून आपणच यजमानाला नम्रपणे कळवण्यास हरकत नाही. मार्गदर्शकांच्या शिफारसपत्रासाठी किमान तीन आठवडे आधी विनंती करावी व सोबत अर्जाचा मसुदा द्यावा. शेवटच्या दिवशी मागितलेले पत्र कोणालाही पाठवता येईल असे गुळमुळीत होते. विद्यापीठाचे ना हरकत प्रमाणपत्र विभागप्रमुखांकडून कुलसचिव कार्यालयापर्यंत जाते, त्यामुळे त्याची फाइल सर्वांत आधी हलवावी.

वेळापत्रक प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजत आखावे. परिषदेकडून निबंध स्वीकारल्याचे पत्र पुष्कळदा अनुदानाच्या मुदतीनंतर येते. अशा वेळी निबंध सादर केल्याची पोच जोडून स्वीकृती नंतर पाठवण्याची मुभा आहे का, हे योजनेच्या कार्यालयाला आधीच विचारावे.

अनुदान मंजूर झाले तरी पैसे लगेच हातात येतीलच असे नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार उशिरा कळते. बहुतेक सरकारी योजना खर्चाची भरपाई परत आल्यावर करतात. कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि युरोपचे जाऊन-येऊन तिकीट, व्हिसा व नोंदणी शुल्क मिळून दोन-तीन महिन्यांची फेलोशिप सहज अडकून पडते. ज्यांच्या घरून एवढी रक्कम पुढे करणे शक्य नाही त्यांनी संस्थेकडे आगाऊ रकमेचा अर्ज मंजुरीपत्र येताच करावा, किंवा मुळातच आधी पैसे देणारी योजना निवडावी. सरकारी पैशांवरील विमान तिकिटे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या अधिकृत प्रवास-संस्थांकडूनच घ्यावीत असा केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा सरकारी प्रवासासाठी नियम आहे आणि अनेक संस्थांचे हिशेब विभाग तो विद्यार्थ्यांनाही लावतात, म्हणून स्वस्त दिसले म्हणून परस्पर तिकीट काढण्यापूर्वी हिशेब विभागाला लेखी विचारावे. जाता-येतानाचे सर्व बोर्डिंग पास, नोंदणी शुल्काची पावती, व्हिसा शुल्काची पावती आणि परिषदेचे उपस्थिती प्रमाणपत्र जपून ठेवावे, प्रत्येकाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, आणि विनियोग प्रमाणपत्रासह (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यासह) मागणीपत्र मंजुरीपत्रात दिलेल्या मुदतीच्या आत पाठवावे.