जुन्या मेझरमेंट माइकचा सप्लाय घरी बनवताय? या चुका टाळा

ब्रुएल अँड केअर या डॅनिश कंपनीचा ४१३३ किंवा ४१४५ हा मोजमापाचा (मेझरमेंट) माइक हाती लागला की पहिली अडचण सप्लायची. कॅप्सूलला (आवाज झेलणारा पुढचा भाग) २०० व्होल्टचं पोलरायझेशन, म्हणजे पडदा आणि मागची प्लेट यांच्यातलं कायमचं डीसी व्होल्टेज, लागतं; मागच्या प्रीअँपला (कॅप्सूलचा क्षीण सिग्नल पुढे नेणारं सर्किट) वेगळा सप्लाय लागतो. प्रीअँपचे व्होल्ट मॉडेलप्रमाणे बदलतात, ते डेटाशीटवरून घ्या. ती बाजू सोपी आहे. घोळ होतो तो २०० व्होल्टमध्ये. कॅप्सूल करंट जवळपास घेतच नाही आणि आपण मात्र नेहमीच्या सप्लायसारखे त्याच्याशी वागतो.

कनेक्टरवर व्होल्टेज मोजू नका

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. सप्लायच्या शेवटच्या फिल्टरमध्ये (व्होल्टेजवरचा आवाज गाळणारा भाग) १ मेगओहमचे तीन रेझिस्टर ओळीने आहेत आणि १० मेगओहमचा साधा मल्टिमीटर कनेक्टरच्या पिनला लावला, तर २०० च्या जागी १५४ व्होल्ट दिसतात. सप्लायमध्ये काही बिघडलेलं नसतं, मीटरनेच व्होल्टेज खाली ओढलेलं असतं. हे लक्षात न आल्याने ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून मीटरवर २०० आणले जातात. मीटर काढला की कॅप्सूलवर २६० व्होल्ट चढतात. पडदा आणि मागची प्लेट यांच्यात अंतर जेमतेम २० मायक्रॉनचं. तिथे ठिणगी पडली की कॅप्सूल गेली. मोजायचं ते रेझिस्टरच्या आधी, रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) आउटपुटला.

फिल्टरमध्ये इलेक्ट्रोलिटिक नको

त्याच कारणाने. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडा करंट गळतो आणि १० मायक्रोअँपची गळती म्हणजे दर १ मेगओहममागे १० व्होल्ट गायब. पोलरायझेशन ५ टक्के घसरलं तर संवेदनशीलता ०.४५ डेसिबलने कमी होते. मोजमापाच्या माइकमध्ये हा फरक चालत नाही. १ मेगओहम, मग ग्राउंडला १ मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट फिल्म कपॅसिटर, पुन्हा तसाच एक टप्पा, आणि शेवटचा १ मेगओहम थेट कनेक्टरकडे. हा शेवटचा रेझिस्टर फालतू वाटतो म्हणून गाळतात. तो नसेल तर पिनला बोट लागताच कपॅसिटर पूर्ण ताकदीने झटका देतो.

२०० व्होल्ट आणायचे कुठून

२३० व्होल्टची लाइन थेट डायोडने रेक्टिफाय (एसीचं डीसी) करू नका. माइकची बॉडी ग्राउंडला असते आणि तो तुम्ही हातात धरता. दोन छोटे २३०/१२ ट्रान्सफॉर्मर घ्या (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात, ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड) आणि त्यांच्या १२ व्होल्टच्या बाजू एकमेकांना जोडा. दुसऱ्याच्या २३० च्या बाजूला ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर) आणि १० मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट कपॅसिटर. तिथे ३०० च्या आसपास डीसी मिळतं. कपॅसिटरवर २२० किलोओहम अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर ओळीने टाका, म्हणजे बंद केल्यावर तो रिकामा होईल.

पुढे १०० व्होल्टचे दोन झेनर (ठरावीक व्होल्टेज धरणारे डायोड) लावून मोकळे होण्याचा मोह आवरा. असे झेनर गरम होतात तसं व्होल्टेज वाढतं, १० अंशांना साधारण १ टक्का. एलआर८ हा रेग्युलेटर ४५० व्होल्ट इनपुट सोसतो. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये २.२ किलोओहम, अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला ३६० किलोओहम, की सुमारे २०१ व्होल्ट. आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि मग वरचा फिल्टर. ३६० चा एकच पाव वॅटचा रेझिस्टर लावू नका, त्याची व्होल्टेज मर्यादा बऱ्याचदा २५० असते. १२० किलोओहमचे तीन ओळीने लावा. ट्रिमर हवाच असेल तर मधली पिन एका टोकाला जोडून ठेवा. नाहीतर मधला संपर्क सुटला की आउटपुट इनपुटइतकं वर जातं.

तयार मिळणारे बूस्ट कन्व्हर्टर बोर्ड टाळलेले बरे. लोड नसताना ते थांबून थांबून चालतात आणि ती टिकटिक ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येते.

हम (सततची गुणगुण) आला तर आधी वारंवारता बघा. १०० हर्ट्झ म्हणजे रेक्टिफायरचा रिपल (डीसीवर उरलेले चढउतार), दोष फिल्टरमध्ये. ५० हर्ट्झ असेल तर फिल्टर वाढवून काही होणार नाही; ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेलं ग्राउंड) शोधा, किंवा ट्रान्सफॉर्मर माइकपासून लांब न्या.

पावसाळ्यातली फटफट

जून ते सप्टेंबर ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर हवा इतकी दमट असते, की नीट चालणारा सेटअपही अचानक फटफट, चरचर करू लागतो. प्रीअँपचा इनपुट गिगाओहमचा असतो. इन्सुलेटरवरचा बोटाचा डाग किंवा बोर्डवर राहिलेला फ्लक्सही (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) गळतीला पुरतो. सप्लाय उघडण्याआधी कॅप्सूल आणि प्रीअँप रात्रभर सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा. आवाज गेला तर सप्लाय निर्दोष आहे. राहिला तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसा. पडद्याला मात्र काहीही लावायचं नाही, कापूससुद्धा नाही.

कॅप्सूल बदलताना सप्लाय बंद करून अर्धा मिनिट थांबा. चालू असताना आटे सोडवले तर प्रीअँपचा एफईटी (इनपुटचा नाजूक ट्रान्झिस्टर) उडू शकतो.

शेवटी ९४ डेसिबल, १ किलोहर्ट्झचा कॅलिब्रेटर (माइकला ठरावीक आवाज देणारं यंत्र) लावा. ४१३३ ने साधारण १२.५ मिलिव्होल्ट द्यायला हवेत, ४१४५ ने ५०; प्रीअँपमुळे थोडे कमी. निम्मेच आले, म्हणजे ६ डेसिबल कमी, तर पोलरायझेशन निम्मं पोचतंय: एखादा कपॅसिटर गळतोय. आणि कॅप्सूल प्रीपोलराइज्ड (आत कायमचा चार्ज असलेली) असेल, उदाहरणार्थ ४१५५, तर तिला हे २०० व्होल्ट द्यायचेच नाहीत.