'आज खूश आहे का?' याऐवजी एक शब्द

दिवसातून चारदा 'मी आनंदी आहे का?' असं स्वतःला विचारलं की बरा चाललेला दिवसही फिका वाटू लागतो. माझं तरी तसंच व्हायचं.

आता रात्री दात घासून झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात मनःस्थितीचा एकच शब्द लिहितो. 'छान' आणि 'वाईट' हे दोन शब्द बाद, नेमका शब्द हवा. आपल्याकडे त्यांची काय कमी! करायचं राहून गेलं त्याची रुखरुख, उद्याच्या कामाची धाकधूक, कारण न सापडणारी हुरहुर, वैताग, घालमेल, हायसं. शब्द नेमका सापडला की पुढचं बहुधा आपोआप सुचतं. रुखरुख असेल तर राहिलेला फोन सकाळी करायचा. धाकधूक असेल तर उद्याची पिशवी आत्ताच भरून ठेवायची. हुरहुरीला काही करायचं नाही, लिहून झोपायचं.

चौकोन रिकामा राहिला तर राहू द्या, मागचे भरत बसू नका.

मात्र दोन आठवडे सलग उदासच लिहिलं जात असेल, झोप-भूक उडाली असेल, तर कॅलेंडरावर भागवू नका. डॉक्टरांना भेटा किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.